अंगणात आलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. गावातून जाताना लहान मुलांच्या गाण्याचा एकसुरी गोड आवाज कानी पडला, की तेथे अंगणवाडी भरली आहे हे आपण ओळखतो. परंतु या शब्दाकडे क्षणभर थांबून पाहावे, असे फारसे कोणाला वाटत नाही. शाळेला इमारत असते, फाटक असते, घंटा असते. अंगण मात्र घराचे असते. मग शाळेच्या नावात अंगण कोठून आले? या साध्या प्रश्नाच्या उत्तरामागे एका विदुषीची पन्नास वर्षांची अखंड साधना उभी आहे. त्या विदुषी म्हणजे भारतातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांनी नेमके काय केले, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. आपल्या घराघरांत आज तीन-साडेतीन वर्षांची नातवंडे पाठीवर दप्तर घेऊन सकाळी रडत रडत शाळेत जाताना दिसतात. अशा वेळी या थोर स्त्रीच्या चरित्राचे स्मरण केवळ आदरापोटी नव्हे, तर आपल्या स्वतःच्या गरजेपोटीही करणे अगत्याचे आहे.

जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि जातिभेदनिर्मूलन या सुधारणांचा पुरस्कार केला होता. ज्या काळात मुलीचे शिक्षण अक्षरओळखीपाशी संपत असे आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तिची पाठवणी होत असे, त्या काळात ताराबाईंना पुस्तकांचे, चर्चेचे आणि मोकळ्या विचारांचे वातावरण घरातच लाभले. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया संपूर्ण मुंबई इलाख्यातही मोजक्याच होत्या.

पुढे त्यांचा विवाह अमरावती येथील मोडक नावाच्या वकिलांशी झाला. त्यांना प्रभा ही कन्या झाली. परंतु हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. आज आपण हे वाक्य सहज वाचून पुढे जातो. शंभर वर्षांपूर्वी मात्र लहान मुलीला घेऊन एकटीने उभे राहणाऱ्या स्त्रीला समाजाच्या किती नजरा सोसाव्या लागल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. ताराबाईंनी त्याबद्दल रडगाणे गायिले नाही. आपले शिक्षण हेच आपले भांडवल, हे ओळखून त्या काठेवाडात राजकोट येथे गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते आणि आयुष्याची घडी पुन्हा नीट बसविणारे होते. दुसऱ्या कोणी ते पद निवृत्तीपर्यंत सांभाळले असते. ताराबाईंच्या मनात मात्र निराळेच काही घडू लागले होते.

भावनगरची बालमंदिराची टेकडी

राजकोटपासून काही अंतरावर असलेल्या भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये श्री दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था सुरू केली होती. गुजरातशी ज्यांचे नाते आहे, अशा वाचकांना हे नाव परके वाटणार नाही. या संस्थेत १९१६ पासून गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ काम करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आफ्रिकेत काही काळ काढून ते परत आले, मुंबईत कायदा शिकले आणि वढवाण येथे वकिली करू लागले. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला कसे वाढवावे, या विचाराने वकिलाला शिक्षक केले. त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचे साहित्य आले. न्यायालयाचे दालन सोडून ते मुलांच्या दालनात आले ते कायमचेच. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशा असलेल्या या माणसाच्या अंगाखांद्यावर मुले इतक्या विश्वासाने खेळत, की गुजरातने त्यांना मिशाळ आई ही पदवी प्रेमाने बहाल केली.

डॉ. माँटेसरी यांची पद्धती काय होती, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०७ मध्ये त्यांनी रोम शहरातील एका गरीब वस्तीत मुलांचे घर सुरू केले. तेथे त्यांनी एक गोष्ट बारकाईने टिपली. लहान मूल हाताने शिकते. ऐकून शिकत नाही. म्हणून त्यांनी साधने तयार केली. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत क्रमाने मोठे होत जाणारे दहा ठोकळे एकावर एक रचून मनोरा करावयाचा. लाकडी पट्टीतील भोकांमध्ये कमीजास्त जाडीच्या दट्ट्या बसवावयाच्या. एखादी दट्टी चुकीच्या भोकात गेली, तर शेवटची दट्टी बसत नाही आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. शिक्षिकेला रागावण्याची गरज उरत नाही. खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरविता फिरविता अक्षराचे वळण बोटात उतरते. लेखणी नंतर येते. वरवर पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. वस्तुतः मूल त्या वेळी अत्यंत गंभीर काम करीत असते. मोठ्यांचे काम आणि मुलाचा खेळ यांत परिश्रमाच्या दृष्टीने काहीच अंतर नसते.

गिजुभाईंनी ही पद्धती जशीच्या तशी उचलली नाही. काल्पनिक गोष्टींविषयी डॉ. माँटेसरी साशंक होत्या; गिजुभाईंनी मात्र बालमंदिरात गोष्टींना, लोकगीतांना, नाटुकल्यांना मानाचे स्थान दिले. शिक्षा नाही तसे बक्षीसही नाही, भीती नाही तशी चढाओढही नाही, हा त्यांचा दंडक होता.

१९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग माझ्या मते सर्वांत मोठा आहे. शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेची प्रमुख स्त्री वयाच्या एकतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली, आणि तीही तीन-चार वर्षांच्या मुलांची. शिकविणे थांबवून पाहावयाचे, बोलणे थांबवून ऐकावयाचे, मूल अडले तरी धावून न जाता त्याला स्वतःच्या बळावर पुढे जाऊ द्यावयाचे, हे शिकणे पुस्तकी ज्ञानापेक्षा फार कठीण असते. ज्याला बरेच काही येते, त्याला हात आवरणे अधिकच अवघड जाते. ताराबाईंनी ती साधना केली.

भावनगरच्या या वर्षांत ताराबाई गिजुभाईंच्या निकटच्या सहकारी झाल्या. १९२५ मध्ये तेथे बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा विचार घरोघरी जावा म्हणून शिक्षणपत्रिका हे मासिक चालविण्यात आले आणि त्याच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी वाहिली. मराठी आईबापांना मुलाचा हट्ट, मुलाची भीती, मुलाचे खोटे बोलणे यांकडे रागाने न पाहता समजुतीने पाहावयास शिकविणारे लेखन ज्यांनी प्रथम सातत्याने केले, त्यांत ताराबाईंचे नाव अग्रभागी आहे.

दादरचे शिशुविहार आणि मनातील टोचणी

पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार ही संस्था त्यांनी सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिरही होते. शहरातील सुशिक्षित पालकांना ही पद्धती मनापासून आवडली. मारझोड नाही, पाठांतराची सक्ती नाही, आणि तरीही मूल हसतखेळत लिहू-वाचू लागते, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावर शंका घेणारेही निरुत्तर झाले. २३ जून १९३९ रोजी गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. देशभर त्यांच्या पद्धतीच्या शाळा निघू लागल्या.

बाहेरून पाहता सर्व काही यशस्वी झाले होते. पण याच यशात एक प्रश्न दडलेला होता. साधने महाग होती. घडवलेले लाकडी ठोकळे, रंगीत मणी, विशिष्ट मापाच्या टेबलखुर्च्या यांसाठी पैसा लागे. शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मुलेच अशा बालमंदिरांत येऊ शकत. जी पद्धती रोमच्या गरीब वस्तीत जन्माला आली, ती भारतात येऊन सुखवस्तू घरांची झाली, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडन येथे डॉ. माँटेसरी यांच्या संस्थेला भेट दिली, तेव्हा हे शिक्षण केवळ धनिकांच्या नव्हे, तर दरिद्री खेड्यांतील मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी तेथेच व्यक्त केली होती. गांधीजींच्या या अपेक्षेचे उत्तर कोणी तरी कृतीने देणे आवश्यक होते.

खेळण्याचा हक्क पैशावर अवलंबून असतो काय? ज्या मुलाच्या घरी दोन वेळचे अन्न नाही, त्याच्या बालपणाला विकासाचा अधिकार नाही काय? ताराबाईंच्या उत्तरायुष्याचा सारा प्रवास हे याच प्रश्नाचे उत्तर आहे.

बोर्डी : शाळा अंगणात आली

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. चिकूच्या वाड्या आणि सुरूची बने यांमुळे आज आपण तेथे सहलीस जातो. तेव्हा मात्र त्या परिसरातील वारली आदिवासींचे जीवन अत्यंत हलाखीचे होते. सावकारी आणि वेठबिगारी यांनी त्यांना जखडून टाकले होते. त्याच वर्षी त्या भागात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

या कार्यात ताराबाईंना एक असाधारण सहकारी लाभली. मुंबईजवळ बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे त्यांची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली. १७ मार्च १९१० रोजी जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांच्या नशिबी आले. शिक्षणाच्या बळावर त्या शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी, हातची स्थिर नोकरी सोडून, ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन बोर्डीस आल्या. वीस वर्षांपूर्वी ताराबाई ज्या उंबरठ्यावर होत्या, त्याच उंबरठ्यावर आता अनुताई होत्या. वर्गात उभे राहून शिकविण्याची सवय असलेल्या शिक्षिकेला जमिनीवर बसून मुलांकडून शिकावयाचे होते.

बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुले येईनात. गावातील बऱ्या स्थितीतील मुले आली. हरिजन आणि आदिवासी वस्त्यांतील मुले आली नाहीत. अशा वेळी पालकांना शिक्षणाची आवड नाही, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नव्हे, शाळेचा, असा त्यांनी विचार केला. शाळा दूर होती, परकी होती. त्या इमारतीत पाय ठेवण्याचे धैर्य वस्तीतील माणसांना नव्हते. मग शाळेनेच वस्तीत जावयाचे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घेत आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. मुलांची तोंडे धुणे, केस विंचरणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग असे. घराच्या दारातून डोकावणाऱ्या आया पाहता पाहता तेथे येऊन बसत. मूल शिकत होते आणि त्याच्याबरोबर घरही शिकत होते. अंगणवाडी ही कल्पना येथे, अशा रीतीने जन्माला आली.

दुसरा प्रश्न साधनांचा होता. येथे विलायती ठोकळे कोठून आणावयाचे? उत्तर पायाखालीच पडलेले होते. चिंचोके, बिया, गोटे, शंख-शिंपले, पाने, फुले, बांबूच्या कांड्या, माती, वाळू. साधन महत्त्वाचे नाही, मुलाची क्रिया महत्त्वाची, हे तत्त्व एकदा उमगले की सारी सृष्टीच शाळेचे कपाट होते. बियांचे ढीग निवडून वेगळे करताना मूल वर्गीकरण शिकते. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत मांडताना क्रम शिकते. चिंचोके मोजताना संख्या शिकते. फुले ओवताना बोटांच्या स्नायूंवर ताबा येतो आणि तोच ताबा पुढे लेखणी धरण्याच्या कामी येतो. वाळूत बोटाने रेघोट्या ओढणे हा लेखनाचा पहिला धडा होतो. जे काम दादरला पैसे खर्चून होत होते, ते बोर्डीला विनामूल्य होऊ लागले. गांधीजींच्या अपेक्षेचे उत्तर चिंचोक्यांनी दिले.

कोसबाड : गुरांमागे गेलेली शाळा

१९५७ मध्ये संस्थेचे कार्य बोर्डीजवळच्या कोसबाड येथील टेकडीवर हलविण्यात आले. वारल्यांच्या पाड्यांच्या मध्यभागी हे ठिकाण होते. येथे ताराबाईंपुढे नवे प्रश्न उभे राहिले आणि प्रत्येक प्रश्नाने त्यांच्या शाळेचे रूप बदलले.

थोडी मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेली की घरातील आठ-नऊ वर्षांची मुलगीच आई होत असे. तिला शाळेत यावयाचे असेल, तर कडेवरच्या भावंडाची सोय आधी लावली पाहिजे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात आणि थोरले पुस्तकात, अशी ही योजना होती. विकासवाडी या नावाने ती ओळखली जाऊ लागली. शिक्षणतज्ज्ञांनी जिचे पुढे कौतुक केले, ती योजना एका लहान मुलीच्या कडेवरच्या ओझ्यातून निघाली, हे विसरता कामा नये.

थोडे मोठे मुलगे येत नसत, कारण ते गुरे राखावयास जात. गुरे सोडून मुलगा शाळेत आला, तर घराची रोजी बुडे. तेव्हा ताराबाई आणि अनुताई यांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, अशी ही कुरणशाळा होती. झाडांची नावे, पक्ष्यांचे आवाज, ऋतूंचे बदल, गुरांची मोजदाद हेच तेथील पाठ्यपुस्तक. या मुलांना रानाचे जे ज्ञान होते, ते शिक्षिकांना नव्हते. शिक्षिकेने ते मुलाकडून समजून घ्यावयाचे आणि त्याच्या ज्ञानाला अक्षरांची व अंकांची जोड द्यावयाची. ज्याला आजवर अडाणी म्हटले गेले, तो मुलगा क्षणभर गुरू होत असे. त्याच्या मनातील न्यूनगंड घालविण्याचा याहून उत्तम उपाय कोणता असेल?

शिक्षिका घडविणारी शिक्षिका

ताराबाईंचे सर्वांत टिकाऊ कार्य कोणते, असा प्रश्न केला तर मी म्हणेन, त्यांनी घडविलेल्या शिक्षिका. राजकोट, भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड, त्या जेथे जेथे गेल्या तेथे तेथे मुलांबरोबरच शिक्षिकांचे शिक्षण चालू राहिले. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या तरुणींचा समज साधारणतः असा असे, की लहान मुलांना शिकविणे हे सर्वांत सोपे काम आहे. चार गाणी पाठ असली की झाले. हा समज प्रथम दूर करावा लागे.

बालशिक्षिकेचा पहिला धडा निरीक्षणाचा. वर्गाच्या कोपऱ्यात शांत बसावे आणि मूल काय करते, किती वेळ करते, कोठे अडते, कोठे रमते हे पाहावे. एखादे मूल पाण्याने भरलेला तांब्या रिकामा करते, पुन्हा भरते, पुन्हा रिकामा करते. आपल्याला ते वेळ वाया घालविणे वाटते. प्रत्यक्षात ते हाताचा तोल, पाण्याचे वजन आणि भांड्याचे माप शिकत असते. शिक्षिकेने मध्येच जाऊन ते बंद केले, तर एक चालू असलेला पाठ मोडतो. दुसरा धडा संयमाचा. मदत केव्हा करावी यापेक्षा केव्हा करू नये, हे कळणे अधिक महत्त्वाचे. तिसरा धडा आत्मपरीक्षणाचा. दिवस संपल्यावर शिक्षिकेने स्वतःला विचारावे, की आज मूल माझ्यामुळे पुढे गेले, की माझ्यामुळे थांबले? व्यापारात दिवसाच्या शेवटी रोजमेळ जमविल्याशिवाय दुकान बंद करीत नाहीत. बालशिक्षिकेचा रोजमेळ हा असा असतो, आणि त्यात खोटी नोंद करता येत नाही.

खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकाट सोडणे, असा गैरसमज त्या काळी होता आणि आजही आहे. ताराबाईंच्या शाळेत स्वातंत्र्य होते, तशी शिस्तही होती. परंतु ती छडीतून येणारी नव्हती. कामात मन रमल्यामुळे येणारी होती. साधन जेथून घेतले तेथे परत ठेवणे, दुसऱ्याचे काम न बिघडविणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सर्व मुले खेळता खेळताच शिकत. अशी आतून आलेली शिस्त शिक्षक पाठमोरे झाले तरी टिकते.

मान्यता आणि अखेर

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. एखादी शिक्षणसंस्था थाटामाटात चालवून नव्हे, तर उघड्यानागड्या मुलांच्या सहवासात आयुष्य झिजवून हा सन्मान त्यांच्याकडे चालत आला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. १९२३ मध्ये भावनगरच्या बालमंदिरात पाऊल ठेवल्यापासून बरोबर पन्नास वर्षे त्यांनी बालकांची सेवा केली.

त्यांच्या मागे कार्य थांबले नाही. अनुताई वाघ यांनी कोसबाडची टेकडी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. गुरूच्या कार्यात आपले नाव विलीन करणारी अशी शिष्या आणि शिष्येला बरोबरीची सहकारी मानणारी अशी गुरू, ही जोडी विरळाच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात लाखो अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या झोपडीपुढील झाडलेल्या अंगणाचा शब्द संपूर्ण भारताचा झाला. तो पाहावयास ताराबाई मात्र उरल्या नव्हत्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा पायाभूत टप्पा मानून तो खेळ आणि कृती यांवर आधारलेला असावा, असे स्वीकारले. ताराबाईंनी जे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखले, ते आता देशाचे धोरण झाले आहे.

आपल्यासाठी

धोरण कागदावर आले, तरी घराघरांतील चित्र निराळेच आहे. मूल तीन वर्षांचे झाले नाही तोच प्रवेशाची धावपळ सुरू होते. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात, आपल्याला का येत नाहीत, म्हणून आई कासावीस होते. ज्या बोटांना अजून शर्टाचे बटण लावता येत नाही, त्या बोटांत पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. संध्याकाळी मूल अंगणात नसते, शिकवणीत असते किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर असते. बोर्डीच्या मुलांजवळ काही नव्हते, पण अंगण होते. आपल्या मुलांजवळ सर्व काही आहे, अंगण तेवढे हरवले आहे. दारिद्र्याचे हेही एक रूपच नव्हे काय?

ताराबाईंचे स्मरण करावयाचे, तर पुतळा किंवा जयंती यांची आवश्यकता नाही. घरातील आजी-आजोबांनी नातवाला जवळ घेऊन रोज एक गोष्ट सांगावी. धान्य निवडताना त्याला शेजारी बसवावे. सांडले तरी रागावू नये. समाजातील ज्या दानशूर मंडळींना शाळेसाठी काही द्यावेसे वाटते, त्यांनी इमारतीच्या दगडाबरोबर त्या इमारतीतील बालशिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा आणि योग्य वेतनाचाही विचार करावा. नावाची पाटी दगडावर बसते. संस्कार मात्र त्या शिक्षिकेच्या हातून होतात. आणि आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईच्या कडेवर किंवा तिच्या मागे पदर धरून उभे असलेले मूल दिसले, तर ते दिवसभर कोठे असते, याची चौकशी करावी. ताराबाईंचे अर्धे आयुष्य त्याच मुलाच्या शोधात गेले.

मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, हे त्यांनी भाषणांतून नव्हे तर वस्तीतील अंगण स्वतः झाडून सिद्ध केले. बालकांच्या या थोर मातेच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!